आयदान

आयदान : ऊर्मिला पवार (जन्म १९४५) ह्यांचे मराठी आत्मकथन. ग्रंथाली, मुंबई ह्या संस्थेने ते २००३ साली प्रसिद्ध केले. रत्नागिरी शहराजवळील फणसवळे हे मूळ गाव असलेल्या एका महार कुटुंबातील विधवा आई आणि तिची शाळेत जाणारी मुलगी ह्यांच्या कष्टांची हकीकत हा ह्या ग्रंथाचा गाभा होय. त्याच मुलीची पुढील नोकरी, विवाह, मुंबईतील संसार, लेखन आणि स्त्रियांच्या चळवळीतील सहभाग ह्यांचे निवेदन उत्तरार्धात येते. रूढ अर्थाने ही कादंबरी नव्हे. तथापि आई व मुलगी ह्या दोन व्यक्तिरेखांचा दीर्घ काळातील विकास, प्रसंगांची नाट्यमयता आणि एका मध्यवर्ती प्रतिमेभोवती झालेली आशयाची जुळणी ह्यांमुळे कादंबरीकडून अपेक्षित असलेला सलग अनुभव ह्या ग्रंथातून मिळतो. दलित आत्मकथने आणि स्त्रियांची आत्मचरित्रे ह्या मराठीतील दोन्ही प्रवाहांत त्याचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

लेखिका : ऊर्मिला पवार ह्यांचे शालेय शिक्षण रत्नागिरी येथे झाले. विवाहानंतर, नोकरी व मुलांचे संगोपन सांभाळून, त्यांनी पदवी व पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. सहावं बोट (१९८८) आणि चौथी भिंत (१९९०) ह्या कथासंग्रहांनी कथालेखिका म्हणून त्यांची ओळख झाली. मीनाक्षी मून ह्यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला आम्हीही इतिहास घडवला (१९८९) हा ग्रंथ आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा शोध घेतो. त्यासाठी त्यांनी वृद्ध कार्यकर्त्यांच्या भेटी घेऊन त्यांच्या आठवणी नोंदविल्या. इतिहासाने नावे न नोंदविलेल्या स्त्रियांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकण्याची जी सवय ह्या कामातून लागली, तिचा उपयोग आयदानमध्ये स्वतःच्या आईचे आयुष्य मांडताना झालेला दिसतो.

शीर्षक व मध्यवर्ती प्रतिमा : बांबूपासून विणलेल्या वस्तूंना, म्हणजे सुपे, टोपल्या, रोवळ्या, डाली, हारे इत्यादींना, कोकणात एकत्रितपणे ‘आयदान’ असे म्हणतात. भांडे आणि हत्यार हे अर्थही ह्या शब्दाला आहेत. कोकणाबाहेर बांबूकाम मुख्यतः बुरुड समाजाकडे असले, तरी कोकणात ते महार समाजाकडेही होते, ही वस्तुस्थिती लेखिकेने नोंदविली आहे. तिची आई आयदाने विणून घर चालवीत असे. आईचे विणणे आणि आपले लिहिणे ह्यांत एक आंतरिक नाते आहे, दोन्हींची वीण वेदनेची आहे, अशी लेखिकेची भूमिका आहे. ग्रंथाचे परीक्षण करताना ह्या भूमिकेची दखल घेणे अपरिहार्य ठरते. कारण शीर्षकातील साम्य कितपत खरे उतरते, ह्यावरच ग्रंथाचे वाङ्मयीन यश बऱ्याच अंशी अवलंबून आहे. दोन कामांत साम्य आहे, तसा भेदही आहे. आयदानावर विणणारीचे नाव नसते. पुस्तकावर लेखिकेचे नाव असते. आयदान विकले की ते दुसऱ्याच्या घरचे होते आणि झिजून संपते. आईच्या श्रमाला जे मिळाले नाही, ते मुलीच्या श्रमाला मिळाले आहे. हा भेद लेखिका विसरत नाही. म्हणूनच तिची प्रतिमा केवळ अलंकार म्हणून राहत नाही. तिच्यात एका ऋणाची जाणीव सामावलेली आहे.

गाव आणि वाट : फणसवळ्याहून रत्नागिरीच्या बाजारात माल विकण्यास जाणाऱ्या महार स्त्रियांच्या वर्णनाने आत्मकथनाचा आरंभ होतो. डोक्यावर लाकडे, गवत वा अन्य जिनसांचे ओझे, पायाखाली डोंगराची खडतर उतरण आणि परतताना तीच चढण, असा हा प्रवास आहे. चालताना त्या एकमेकींशी बोलतात, थट्टा करतात, आणि असल्या अडचणीच्या जागी वस्ती करणाऱ्या पूर्वजाला शिव्याही देतात. ह्या वर्णनात करुणेचा सूर लावलेला नाही. श्रम, थकवा, भूक आणि हशा ह्यांची सरमिसळ जशीच्या तशी ठेवलेली आहे. त्यामुळे एका व्यक्तीच्या आत्मकथनाला पहिल्याच पानांत समूहाची पार्श्वभूमी लाभते. पुढे आई एकटी विणत बसलेली दिसते, तेव्हाही तिच्यामागे ह्या ओझेकरी स्त्रियांची रांग वाचकाला जाणवत राहते.

वडील व आई : लेखिकेचे वडील शिक्षक होते. कोकणातील महार समाजात कंपनी सरकारच्या लष्करातील नोकरीमुळे शिक्षणाची ओळख तुलनेने लवकर झाली होती, आणि त्या समाजातील काही जण शिक्षकी पेशात शिरले होते. मुलांना शिकता यावे म्हणून वडिलांनी गाव सोडून रत्नागिरीत घर केले. ह्या स्थलांतराने शाळा जवळ आली, पण आईला आपल्या माणसांची वस्ती दुरावली. लेखिका प्राथमिक शाळेत असतानाच वडील वारले. मुलांनी शिकावे ही त्यांची अखेरची इच्छा होती. ती पुरी करण्याची जबाबदारी स्वतः निरक्षर असलेल्या आईवर, म्हणजे मुलांच्या ‘आये’वर, येऊन पडली. ह्याआधी एका मुलाच्या मृत्यूचे दुःखही तिने सोसले होते.

आयेचे व्यक्तिचित्र हा ह्या ग्रंथाचा सर्वांत बलवान भाग होय. ती फारशी बोलत नाही. तिचा दिवस विणकामात जातो, आणि विणता विणता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते. ती कडक आहे, रागीट आहे, पैशाच्या बाबतीत हात आखडता ठेवणारी आहे. मुलींना ती मारते, कामाला जुंपते, विणलेला माल गिऱ्हाइकांच्या घरी पोचविण्यास धाडते. लहान मुलीला आईचा राग येतो, तिची लाज वाटते, आणि हे दोन्ही लेखिकेने लपविलेले नाही. दारिद्र्यात वात्सल्याला नेहमी गोड शब्द सापडतातच असे नाही. पुष्कळदा ते हिशेबाच्या, धाकाच्या आणि अबोल्याच्या रूपाने प्रकट होते, हे सत्य येथे कोणतेही भाष्य न करता उभे राहिले आहे. आईला देवता न बनविता तिच्याविषयी आदर निर्माण करणे अवघड असते. लेखिकेला ते साधले आहे.

विक्री आणि अन्न : आयदाने पोचविण्यास गेलेल्या मुलीला उंबऱ्याबाहेर उभे केले जाई. तिने खाली ठेवलेल्या वस्तूंवर पाणी शिंपडून मगच त्या घरात घेतल्या जात. पैसे देताना स्पर्श होऊ नये म्हणून नाणी वरून तिच्या हातावर टाकली जात. ह्या प्रसंगाचे सामर्थ्य त्यातील व्यवहाराच्या साधेपणात आहे. येथे कोणी ओरडत नाही, मारत नाही; वस्तू हवी आहे, ती विणणारा हात मात्र नको आहे. ज्या सुपात घरचे धान्य रोज पाखडले जाणार, त्याच सुपावर आधी पाणी शिंपडायचे, ही विसंगती मुलीच्या नजरेतून सहज व्यक्त होते. अस्पृश्यतेचा आर्थिक आणि धार्मिक व्यवहार एकाच क्षणी कसा चालतो, हे समजून घेण्यास हा प्रसंग पुरेसा आहे.

अन्नाविषयीचे वर्णनही असेच अर्थपूर्ण आहे. सुकी मासळी, आंबील, उरलेसुरले कालवण, पुरुषांनी व मुलांनी खाल्ल्यावर स्त्रियांच्या वाट्याला येणारा तळचा भाग, ह्यांची नोंद बारकाईने केलेली आहे. शाळेतील मुलींनी मिळून केलेल्या जेवणात पोटभर जेवल्यावर आपल्या खाण्याची झालेली चेष्टा लेखिकेने सांगितली आहे. भुकेपेक्षाही भूक दिसल्याची शरम अधिक बोचते, हे बालमनाचे निरीक्षण त्यात आहे. कोकणाचे निसर्गरम्य चित्र मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. त्याच कोकणाचे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून दिसणारे हे चित्र त्याला नवीन होते.

शाळेतील प्रसंग : आई-मुलीच्या नात्याला कलाटणी देणारा प्रसंग शाळेशी संबंधित आहे. शाळेच्या आवारातील शेण उचलण्याचे काम गुरुजी ह्या मुलीलाच सांगत. एकदा तिने नकार दिला, तेव्हा त्यांनी तिच्या गालावर मारले. मुलगी रडत घरी आली. आये नेहमीप्रमाणे विणत बसली होती. गुरुजी रस्त्याने जाताना दिसताच तिने त्यांना अडवून जाब विचारला. शेण तुमच्याच गाईचे होते, अशी सबब त्यांनी पुढे केली. ती तिने मान्य केली नाही. आपण विधवा असूनही येथे बसून राबतो, ते मुलींनी शिकावे म्हणून, आणि त्याच मुलींना शाळेत अशी वागणूक मिळते, हा तिचा रोकडा सवाल होता. तिने गुरुजींना पुन्हा असे न करण्याची ताकीद दिली. त्यानंतर मुलीला शाळेची गोडी लागली.

ह्या प्रसंगात आईने मुलीला कोणताही उपदेश केलेला नाही. मुलीला आईविषयीची खात्री मिळाली ती तिच्या कृतीतून. आजवर केवळ रडत विणणारी, धाक दाखवणारी बाई मुलीच्या बाजूने रस्त्यात उभी राहिली, आणि तिच्या अबोल श्रमाचा हेतू प्रथमच शब्दांत आला. निरक्षर स्त्री शिक्षकाला शिक्षणाचा अर्थ सांगते, हा त्यातील अंतर्विरोध लेखिकेने अधोरेखित केलेला नाही. तसे करण्याची गरजही नव्हती. मात्र ह्या एका विजयाने जातीचा प्रश्न सुटला, असा आभास ग्रंथात कोठेही निर्माण केलेला नाही. एका मुलीचे शाळेत जाणे त्या दिवसापुरते सुरक्षित झाले, एवढेच येथे घडते. अशा छोट्या छोट्या सुरक्षिततांची बेरीज म्हणजेच ह्या कुटुंबाची प्रगती होय, ही ग्रंथाची दृष्टी आहे.

‘श्यामची आई’शी तुलना : मराठीत आईविषयीचे कोणतेही लेखन साने गुरुजींच्या श्यामची आई (१९३५) ह्या पुस्तकाच्या छायेत वाचले जाते. ते पुस्तकही मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोलीनजीकच्या पालगड परिसराच्या जीवनावर आधारलेले आहे. त्यातही दारिद्र्य आहे, कर्ज आहे, मानहानी आहे, आणि मुलासाठी झिजणारी आई आहे. पण ती आई बोलते, समजावते, संस्कार करते. प्रत्येक रात्रीच्या गोष्टीतून एक मूल्य निष्पन्न होते. आये बोधपर काही सांगत नाही. तिच्याजवळ त्यासाठी वेळही नाही. तिच्या वागण्यातून काय घ्यायचे, हे मुलीला पुष्कळ वर्षांनी, स्वतः आई झाल्यावर उमगते.

दोन्ही पुस्तकांना जोडणारी एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. श्यामची आई मध्ये एका वृद्ध महार स्त्रीची मोळी तिच्या डोक्यावर चढवून देण्यास आई श्यामला पाठवते, आणि परत आल्यावर स्नान करण्यास सांगते. तत्कालीन सनातनी वातावरणात त्या मातेची ही माणुसकी मोठी होती, आणि तिची मर्यादाही त्या स्नानातच स्पष्ट होते. त्या मोळीवालीचे पुढे काय झाले, ती कोठून आली, तिच्या घरी कोण होते, हे त्या पुस्तकाला ठाऊक नाही. आयदानच्या आरंभीच्या पानांत तीच मोळी, तीच वाट आणि तसल्याच स्त्रिया आहेत. मात्र आता वाट त्यांच्या डोळ्यांनी दिसते. जी रस्त्याच्या कडेला दयेचा विषय होती, ती निवेदनाच्या केंद्रस्थानी आली. एका पुस्तकाने दुसऱ्याला खोडून काढले, असे ह्यावरून म्हणता येणार नाही. एकाच जिल्ह्यातील दोन मातांची चित्रे आता शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात, आणि तशी वाचल्याखेरीज त्या जिल्ह्याचे चित्र पूर्ण होत नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

धर्मांतर : १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या वेळी लेखिका अकरा वर्षांची होती. धर्मांतराची लाट कोकणात पोचली तेव्हा घरोघरच्या देवांचे विसर्जन झाले, जुन्या चालीरीतींचा त्याग करण्यात आला. ह्या बदलाचे वर्णन एखाद्या जाहीर घटनेसारखे न येता घरातील घडामोडीसारखे येते. देव्हारा रिकामा होणे, सणांचे रूप बदलणे, लग्नविधी नव्याने शिकणे, ह्यांतून एका समाजाचे नवे आत्मभान प्रत्ययास येते. त्याबरोबरच, नव्या विचाराने स्त्रीचे घरातील स्थान आपोआप बदलले नाही, हेही लेखिका स्पष्टपणे नोंदवते. स्वतःच्या समाजातील स्त्रियांना सोसावे लागणारे मारहाणीचे, संशयाचे आणि लैंगिक छळाचे प्रसंग तिने झाकून ठेवलेले नाहीत.

मुंबई : उत्तरार्धात कथानक मुंबईत येते. शासकीय नोकरी, पतीपत्नींचा पगार, मुलांच्या शाळा, महानगराच्या उपनगरातील बिऱ्हाड आणि कचेरीसाठी रोजचा लोकलगाडीचा प्रवास, असे ह्या आयुष्याचे स्वरूप आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर ह्यांसारख्या उपनगरांत कोकणातून आलेली हजारो पगारदार कुटुंबे स्थिरावली. चाळीतून स्वतंत्र घरात जाणे हे त्यांच्या दृष्टीने कष्टांवर मात केल्याचे दृश्य चिन्ह होते. वरकरणी आयेच्या श्रमाचे फळ येथे पदरात पडलेले दिसते. फणसवळ्याची चढण संपली आणि मुलगी शहरात पोचली, असा शेवट एखाद्या सामान्य कादंबरीने येथेच केला असता.

लेखिका मात्र येथून एक कठीण प्रश्न उपस्थित करते. जात उपनगरातही पोचलेली असते. मुलीच्या वाढदिवसाला शेजारची मुलगी येते, जेवते. पण घरातील बुद्ध व डॉ. आंबेडकर ह्यांच्या तसबिरींवरून जात ध्यानात येताच तिच्या घरचे संबंध तोडतात. उंबऱ्यावर पाणी शिंपडण्याची जागा आता अबोल्याने घेतलेली असते. दुसरीकडे, बायकोने नोकरी करावी असे वाटणारा पती तिच्या उच्च शिक्षणाकडे, लेखनाकडे आणि सभासमारंभांकडे नाराजीने पाहू लागतो. पतीचे चित्रण एकांगी नाही. प्रेम, सहकार्य, अहंकार आणि दुखावलेपणा ह्यांचे मिश्रण त्यात आहे. मिळवती झाली म्हणून स्त्री स्वतंत्र होत नाही, हा अनुभव येथे घोषणेच्या रूपाने येत नाही. घरातल्या रोजच्या कुरबुरींतून तो साकार होतो.

मुंबईतच लेखिकेचा स्त्रीवादी कार्यकर्त्यांशी परिचय झाला. ‘मैत्रिणी’ ह्या गटातील चर्चांनी तिला स्वतःच्या आयुष्याकडे पाहण्याची नवी भाषा दिली. पण त्या चळवळीत जातीचा प्रश्न दुय्यम ठरत असे, तर दलित चळवळीत स्त्रीचा. ह्या दोहोंमधील अडचणीची जागा लेखिकेने प्रामाणिकपणे दाखविली आहे. दलित स्त्रियांनी स्वतःचे लेखनव्यासपीठ उभारावे ह्यासाठी तिने जे प्रयत्न केले, त्यांची कारणे ह्या अनुभवात सापडतात.

दोन माता : उत्तरार्धाच्या अखेरीस लेखिकेच्या तरुण मुलाच्या अपघाती मृत्यूची घटना येते. ह्या प्रसंगाच्या लेखनात संयम आहे. येथे आयेचे चित्र पुन्हा वाचकाच्या मनात जागे होते : मुलगा गमावलेली, विणत विणत रडणारी. लहानपणी न समजलेले ते रडणे मुलीला आता समजते. आईने दुःख विणकामात बुडविले. मुलगी लेखनाकडे वळते. शीर्षकातील साम्याला सर्वांत खोल आधार मिळतो तो येथे. शिक्षण, नोकरी आणि घर ही सर्व प्राप्ती होऊनही पुत्रशोकात दोन पिढ्या एकाच जागी येतात. ‘कष्टांवर मात’ ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ ह्यामुळे बदलतो. दुःख टाळता येणे असा तो अर्थ राहत नाही. दुःखाबरोबर हात चालता ठेवणे असा होतो.

भाषा व रचना : निवेदनाची भाषा प्रमाण मराठीला धरून असली, तरी संवादांत रत्नागिरी परिसराची बोली आहे. स्त्रियांच्या तोंडच्या शिव्या, म्हणी, थट्टा आणि ओव्यांच्या वळणाचे बोलणे तिच्यामुळे जिवंत झाले आहे. शरीर, लैंगिकता, विवाहाची पहिली रात्र ह्यांविषयी लेखिका संकोच न करता, पण सनसनाटीचा आधार न घेता लिहिते. विनोद हा ह्या शैलीचा विशेष गुण होय. दारिद्र्याच्या वर्णनातही तो अचानक डोकावतो, आणि स्वतःची फजिती सांगताना तर अधिकच खुलतो. ह्या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रे ची आठवण होते. दोघींच्या सामाजिक परिस्थितींत मोठे अंतर असले, तरी स्वतःकडे हसून पाहण्याची शक्ती दोघींतही आहे.

रचना काटेकोर कालक्रमाने जात नाही. एका आठवणीतून दुसरी निघते, गावातील एखाद्या स्त्रीची हकीकत मध्येच सुरू होते आणि मूळ धागा पुढे पुन्हा हाती येतो. आडव्या-उभ्या कामट्यांच्या विणीशी ह्या पद्धतीचे साम्य दाखविता येते. मात्र ह्या साम्यावर फार भर देऊ नये. बोलता बोलता गोष्ट सांगणाऱ्या स्त्रियांच्या कथनपरंपरेतून ही रचना आलेली असणे अधिक संभवनीय वाटते.

वाङ्मयीन परंपरा : मुलीच्या तोंडून तिच्या हालअपेष्टांची कहाणी सांगण्याचा प्रघात मराठी कादंबरीत जुना आहे. हरिभाऊ आपटे ह्यांची पण लक्षात कोण घेतो? ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील कादंबरी यमू ह्या नायिकेच्या आत्मकथनाच्या रूपात लिहिलेली आहे. तेथे पुरुष लेखकाने स्त्रीचा आवाज कल्पिला होता, आणि त्या आवाजाची अखेर पराभवात होत होती. पुढे दलित आत्मकथनांनी अनुभवकर्त्याच्या स्वतःच्या शब्दाला प्राधान्य दिले. दया पवार ह्यांच्या बलुतं (१९७८) नंतर हा प्रवाह जोमदार झाला. कुमुद पावडे ह्यांचे अंतःस्फोट (१९८१), शांताबाई कांबळे ह्यांचे माज्या जल्माची चित्तरकथा आणि बेबी कांबळे ह्यांचे जिणं आमुचं (१९८६) ह्या लेखनाने दलित स्त्रीचा स्वतंत्र आवाज मराठीत आणला. बेबी कांबळे ह्यांचे निवेदन मुख्यतः ‘आम्ही’ ह्या समूहवाचक रूपात आहे. ऊर्मिला पवार ह्यांच्या निवेदनात ‘आम्ही’ आणि ‘मी’ ह्यांच्यात सतत ये-जा आहे. हा ‘मी’ समूहाशी भांडतो, त्याला दोष देतो, आणि त्याच्याच बळावर उभा राहतो. शर्मिला रेगे ह्यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात अशा लेखनाचा विचार लॅटिन अमेरिकेतील ‘टेस्टिमोनिओ’ ह्या साक्षरूप वाङ्मयप्रकाराच्या आधारे केला आहे. आयदानला ही दृष्टी बऱ्याच अंशी लागू पडते. मात्र साक्षीच्या मूल्याबरोबर त्याचे कथामूल्यही वेगळेपणाने ध्यानात घेतले पाहिजे.

मर्यादा : ग्रंथाचा पूर्वार्ध जितका घट्ट आहे, तितका उत्तरार्ध नाही. चळवळीतील सभा, संस्था आणि व्यक्ती ह्यांचे उल्लेख काही ठिकाणी नोंदवहीसारखे होतात. परिचयाच्या नावांची गर्दी होते आणि प्रसंग उभा राहण्याआधीच निवेदन पुढे सरकते. आये ही व्यक्तिरेखा मधल्या बऱ्याच भागात मागे पडते, त्यामुळे शीर्षकातील प्रतिमेचा ताणही सैल होतो. लेखिका स्वतःच्या सार्वजनिक भूमिकेचे जितके समर्थन करते, तितकी तिची परीक्षा करीत नाही, असेही काही ठिकाणी जाणवते. ह्या उणिवा मान्य करूनही असे म्हणता येते, की मुलगी आईपासून दूर जाऊन पुन्हा तिच्यापाशी येते, हे आयुष्याचे वळण दाखविण्यासाठी मधले अंतर काही प्रमाणात आवश्यकच होते.

प्रसार : माया पंडित ह्यांनी ह्या आत्मकथनाचा इंग्रजी अनुवाद द वीव्ह ऑफ माय लाइफ ह्या नावाने केला (२००८). त्यामुळे भारताबाहेरील अभ्यासकांपर्यंत ते पोचले. सुषमा देशपांडे ह्यांनी त्याचे रंगमंचीय रूपांतर केले. रंगमंचावर ह्या कथनातील बोलीचा आणि विनोदाचा गुण विशेषत्वाने प्रकट झाला.

मूल्यमापन : हालअपेष्टांवर मात केल्याच्या कथा पुष्कळदा यशाच्या शिखरावर संपतात आणि मागे राहिलेल्यांना विसरतात. आयदानमध्ये मुलगी पुढे जाते, पण तिच्या प्रत्येक पावलाखाली आईच्या हाताने चिरलेला बांबू आहे, ह्याचे भान ती सोडत नाही. रस्त्यात गुरुजींना जाब विचारणारी आये, उंबऱ्याबाहेर नाणी झेलणारी मुलगी आणि उपनगरातील घरात जातीचा अबोला सोसणारी लेखिका ह्या तीन चित्रांत सुमारे अर्धशतकाचा सामाजिक इतिहास सामावला आहे. आईने विणलेली सुपे व टोपल्या केव्हाच झिजून गेल्या. त्या विणणारे हात मात्र ह्या ग्रंथामुळे मराठी वाङ्मयात कायमचे नोंदले गेले आहेत.